प्राण्यांना रंग कसे दिसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या रंगदृष्टीबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा ठाम विधानाच्या रूपात येतात. बैल लाल रंगावर चवताळतो ना? कुत्र्याला सगळं काळं-पांढरं दिसतं ना? अशा विधानांत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. डोळ्यात रंगासाठी किती प्रकारच्या पेशी आहेत, ही एक गोष्ट. त्या प्राण्याला दोन रंगांतला फरक खरोखर ओळखता येतो का, ही दुसरी. आणि रंग ओळखल्यावर तो त्यावरून काही करतो का, ही तिसरी. या तिन्ही वेगळ्या ठेवल्या की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. पुढचे प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माणूस सोडला तर बाकी प्राण्यांना काळं-पांढरंच दिसतं ना?

नाही. रंग अजिबात न दिसणारे प्राणी आहेत, पण ते अपवाद आहेत. माणसाच्या दृष्टिपटलात रंगासाठी तीन प्रकारच्या शंक्वाकार पेशी असतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत दोन प्रकारच्या असतात. बहुतेक पक्ष्यांत, अनेक सरड्यांत आणि गोल्डफिशसारख्या माशांत चार असतात. म्हणजे रंगांच्या बाबतीत आपण सगळ्यांच्या वर नाही, मधेच कुठेतरी आहोत. सस्तन प्राण्यांचे पूर्वज फार मोठा काळ रात्री वावरत आणि त्या काळात त्यांनी पेशींचे काही प्रकार गमावले, असे मानले जाते. माणूस, वानरे आणि काही माकडे यांच्याकडे तिसरा प्रकार पुष्कळ नंतर आला. एका जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि ती हळूहळू बदलत गेली.

खरोखर रंगांध म्हणावेत असे सस्तन प्राणी म्हणजे देवमासे, डॉल्फिन, सील, रॅकून आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील निशाचर घुबड-माकडे. यांच्यात शंक्वाकार पेशींचा एकच प्रकार उरला आहे. अनेक शार्क माशांचीही हीच गत आहे. २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शार्कच्या १७ जाती तपासल्या. त्यांतल्या १० जातींत शंक्वाकार पेशी सापडल्याच नाहीत आणि उरलेल्या ७ जातींत एकच प्रकार सापडला. त्यामुळे शार्क पिवळ्या रंगाकडे ओढले जातात ही समजूत तपासताना पिवळेपणापेक्षा ती वस्तू पाण्याच्या पार्श्वभूमीवर किती उठून दिसते, हे आधी पाहायला हवे.

२. पेशींचे जितके प्रकार, तितके रंग दिसतात का?

नाही. एक शंक्वाकार पेशी मेंदूला फक्त एवढेच कळवते की तिच्यावर पडलेल्या प्रकाशाने ती किती उत्तेजित झाली. तो प्रकाश कोणत्या रंगाचा होता हे तिला सांगता येत नाही. तिला न रुचणाऱ्या तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग ठरवणाऱ्या मापाचा) प्रखर प्रकाश आणि रुचणाऱ्या तरंगलांबीचा मंद प्रकाश, दोन्हींमुळे अगदी सारखाच संदेश जाऊ शकतो. म्हणून एकच प्रकार असलेल्या प्राण्याला भरपूर उजेडातही कमी-जास्त उजळ एवढाच फरक कळतो.

दुसरा प्रकार आला की तुलना सुरू होते. एक पेशी जास्त उत्तेजित आणि दुसरी कमी, या प्रमाणातून रंग जन्माला येतो. माणसातील तीन प्रकार साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांच्या एकमेकांशी होणाऱ्या तुलनेतून आपल्याला लाखो छटा वेगळ्या दिसतात. रंग पेशीत नसतो, पेशींच्या तुलनेत असतो. त्यामुळे प्रकार मोजून रंगांची संख्या काढता येत नाही. मेंदू तुलना कशी करतो त्यावर सगळे अवलंबून असते (प्रश्न १५ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण).

३. लाल कापड पाहून बैल खरंच चवताळतो का?

नाही. गाय-बैलांत दोन प्रकारच्या शंक्वाकार पेशी असतात. एक सुमारे ४५० नॅनोमीटरला, म्हणजे निळ्या प्रकाशाला, तर दुसरी सुमारे ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. लाल आणि हिरवा वेगळे करायला लागणारी जोडी त्यांच्याकडे नाही. म्हणून लाल कापड बैलाला 'दिसतच नाही' असेही मात्र नव्हे. कापड त्याला दिसते, पण बहुधा गडद आणि मळकट रंगाचे.

स्पेनमधील बैलझुंज बारकाईने पाहिली तर उत्तर तिथेच मिळते. 'मुलेटा' हे लहान लाल कापड फक्त शेवटच्या टप्प्यात बाहेर येते. त्याआधी वापरले जाणारे 'कापोते' हे मोठे कापड एका बाजूने गडद गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने पिवळे किंवा निळे असते. बैल त्यावरही तितक्याच त्वेषाने धावून जातो. त्याला उसकवते ती कापडाची हालचाल. शिवाय तो आक्रमकपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केलेल्या वाणाचा असतो, कळपापासून तोडलेला असतो आणि मुलेटा समोर येईपर्यंत भाल्यांनी जखमी झालेला असतो. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १९२३ साली गुरांपुढे वेगवेगळ्या रंगांची कापडे लावून पाहिली. लाल रंगाने गुरे चिडतात याला त्यांना काहीही आधार मिळाला नाही. लाल रंग असतो तो प्रेक्षकांसाठी. एका जखमी, एकट्या पाडलेल्या जनावराच्या धडपडीचे खापर कापडाच्या रंगावर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

४. कुत्र्याला नेमके कोणते रंग दिसतात?

निळ्या आणि पिवळ्या बाजूचे. जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्स यांनी १९८९ साली कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या रंगदृष्टीची चाचणी घेतली. तेव्हा कुत्र्याच्या दोन प्रकारच्या शंक्वाकार पेशी सुमारे ४२९ आणि ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देतात, असे आढळले. निळा आणि पिवळा कुत्रा सहज वेगळे करतो. लाल, नारिंगी, पिवळा आणि हिरवा हे मात्र त्याच्यासाठी एकाच कुळातले रंग ठरतात. त्यांच्यात त्याला फरक कळतो तो मुख्यतः उजळपणाचा.

याचा व्यवहारातला उपयोग सोपा आहे. हिरवळीवर लाल चेंडू फेकला की कुत्रा बऱ्याचदा तो डोळ्यांनी न शोधता हुंगत शोधतो. तोच चेंडू निळा असेल तर चटकन सापडतो. दुकानांत कुत्र्यांची इतकी खेळणी लाल असतात, कारण ती माणसे निवडतात.

कुत्र्याला रंग दिसले तरी तो त्यांच्याकडे लक्ष देत नाही, असेही पुष्कळ जण म्हणतात. रशियातील संशोधकांनी २०१३ साली हे तपासले. त्यांनी कुत्र्यांना गडद पिवळा आणि फिकट निळा यांतून निवड करायला शिकवले. मग उजळपणा उलटा केला, म्हणजे फिकट पिवळा आणि गडद निळा ठेवला. बहुतेक कुत्र्यांनी उजळपणा सोडून रंगाच्या आधारे निवड केली.

५. आणि मांजराला?

मांजराची रंगदृष्टीही निळ्या आणि पिवळसर हिरव्या भागापुरतीच आहे, पण कुत्र्याच्या तुलनेत तिचा वापर कमी दिसतो. मांजराला रंगाच्या आधारे निवड करायला शिकवणे अवघड जाते. त्याच्या दृष्टिपटलात मंद उजेडासाठीच्या दंडाकार पेशींचा भरणा मोठा असतो आणि शिकार टिपताना त्याला रंगापेक्षा हालचाल जास्त उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र अलीकडेच लक्षात आली. माणसाच्या डोळ्यातले भिंग बहुतांश अतिनील किरण अडवते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्रा आणि मांजर यांच्यासह अनेक सस्तन प्राण्यांचे भिंग यातला बराच भाग आत जाऊ देते, असे दिसले. यावरून त्यांना 'अतिनील रंग' वेगळा दिसतो असे लगेच म्हणता येत नाही. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकलेल्या आणि कृत्रिम भिंग न बसवलेल्या माणसांनाही थोडा अतिनील प्रकाश जाणवतो, तो फिकट निळसर-जांभळ्यासारखा.

६. रात्री प्राण्यांचे डोळे हिरवे, पिवळे किंवा लाल चमकतात. त्यांना जग त्या रंगाचं दिसतं का?

नाही. ती चमक दृष्टिपटलामागच्या परावर्तक थराची असते. दृष्टिपटलाने न टिपलेला प्रकाश तो थर परत फेकतो आणि पेशींना दुसरी संधी देतो. रेनडिअरमध्ये हा थर उन्हाळ्यात सोनेरी आणि ध्रुवीय हिवाळ्यात गडद निळा होतो. त्यामुळे अंधुक उजेडात डोळ्याची संवेदनशीलता वाढते. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. फोटोत दिसणारे लाल डोळे हा रक्तवाहिन्यांवरून परतलेल्या प्रकाशाचा परिणाम आहे.

७. निशाचर प्राण्यांना अंधारात रंग दिसणं शक्य तरी आहे का?

काहींना आहे, आणि हा शोध मला या विषयातला सर्वांत सुंदर शोध वाटतो. अंधार पडला की आपल्या शंक्वाकार पेशी निकामी ठरतात आणि एकाच प्रकारच्या दंडाकार पेशींवर काम चालते, म्हणून चांदण्यात आपल्याला सगळे राखाडी दिसते. सगळ्यांचेच तसे होत असणार, असे आपण गृहीत धरले होते. २००२ साली स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधकांनी हॉकमॉथ कुळातल्या एका पतंगाला रंगीत कृत्रिम फुलांवर प्रशिक्षण दिले आणि मग उजेड तारकांच्या प्रकाशाइतका कमी केला. पतंग तरीही शिकवलेला रंग अचूक निवडत राहिला. कमी-जास्त उजळ राखाडी फुलांनी तो फसला नाही.

दोनच वर्षांनी तिथेच एका निशाचर पालीवर तसाच प्रयोग झाला. मंद चंद्रप्रकाशात, जिथे माणसाला रंग ओळखता येत नाहीत, तिथे ती निळा आणि राखाडी वेगळे करत होती. निशाचर पालींनी दंडाकार पेशी गमावल्या आहेत आणि शंक्वाकार पेशीच मोठ्या व अतिशय संवेदनशील करून घेतल्या आहेत. आपल्या आणि तिच्या डोळ्यात फरक पडतो तो इथे.

८. वाघ इतका भडक केशरी असूनही हरणाला का दिसत नाही?

कारण हरणाला तो केशरी दिसत नाही. हरणांत शंक्वाकार पेशींचे दोनच प्रकार आहेत, त्यामुळे केशरी आणि हिरवा त्यांना जवळजवळ सारखे भासतात. गवत-झुडपांत उभा असलेला वाघ त्यांच्यासाठी पार्श्वभूमीच्याच रंगाचा असतो आणि पट्ट्यांमुळे त्याची बाह्यरेखाही मोडते.

वाघ सरळ हिरवाच का झाला नाही, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. सस्तन प्राण्यांच्या केसांत मेलॅनिन या रंगद्रव्याचे दोनच प्रकार असतात, एक काळा-तपकिरी आणि दुसरा पिवळा-तांबूस. त्यांतून हिरवा होत नाही. आणि हरणाच्या नजरेपुरते पाहिले तर केशरीवर भागत असल्याने हिरव्याची गरजही नव्हती. मात्र हरीण स्थिर वाघ रंगावरून ओळखत नसले तरी तो हलला की लगेच सावध होते.

९. घोड्यांच्या शर्यतीत अडथळ्यांचे रंग बदलले म्हणतात. रंगाने खरंच फरक पडतो का?

पडतो. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत पूर्वी नारिंगी पट्ट्या वापरत, कारण त्या माणसाला ठळक दिसत. घोड्याची रंगदृष्टी मात्र दोन प्रकारच्या पेशींची आहे. हिरवळीवरचा नारिंगी रंग त्याला फारसा उठून दिसत नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात पांढरा, पिवळा आणि निळा हे रंग जास्त स्पष्ट दिसतात आणि रंगाप्रमाणे घोड्याच्या उडीची ढबही बदलते, असे आढळले. त्यानंतर तिथे नारिंगीच्या जागी पांढरा आणायला सुरुवात झाली. प्राण्याच्या नजरेचा विचार करून नियम बदलल्याचे हे फार चांगले उदाहरण आहे.

१०. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, मग ती लाल फुलांवर बसते कशी?

मधमाशीला रंग दिसतात हे सिद्ध करण्याची कथा आधी सांगायला हवी, कारण या विषयातल्या प्रयोगांची पद्धत तिथे घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमधील नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांचे मत होते की मासे आणि कीटक पूर्ण रंगांध असतात. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला ते पटेना. रंगच दिसत नसतील तर फुले रंगीत कशासाठी? त्यांनी मधमाश्यांना निळ्या कार्डावर साखरेचे पाणी प्यायची सवय लावली. मग ते निळे कार्ड फिक्या ते गडद अशा अनेक राखाडी कार्डांच्या मधे ठेवले आणि साखर काढून घेतली. मधमाशी रंगांध असती तर त्यांतले एखादे राखाडी कार्ड तिला निळ्यासारखेच उजळ वाटून तिची गफलत झाली असती. पण माश्या सरळ निळ्या कार्डावर गेल्या. १९१४ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाल कार्डावर शिकवलेल्या माश्या मात्र काळ्या आणि गडद राखाडी कार्डांवरही जात होत्या.

फॉन हेस यांचे प्रयोग खोटे नव्हते, हे सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांनी प्राण्यांना अंधारात कोंडून ते कोणत्या उजेडाकडे धावतात हे पाहिले होते. सुटकेसाठी धडपडणारी मधमाशी खरोखरच फक्त उजळपणा पाहते. तीच मधमाशी अन्न शोधताना रंग पाहते. डोळा तोच असतो, प्रसंग बदलतो.

आता मूळ प्रश्न. मधमाशीच्या डोळ्यात अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. युरोपातली लाल खसखशीची फुले लाल प्रकाशाबरोबर अतिनील प्रकाशही परावर्तित करतात, म्हणून मधमाशीसाठी ती 'अतिनील फुले' असतात. जी लाल फुले अतिनील परावर्तित करत नाहीत, ती तिला गडद दिसतात. पण गंध, आकार आणि पानांशी असलेला फरक यांवरून ती तीही शोधू शकते.

११. म्हणजे कोणत्याच कीटकाला लाल दिसत नाही?

असे नाही. अनेक फुलपाखरांना लाल उत्तम दिसतो. आशियातील पॅपिलिओ झुथस या फुलपाखराची रंगदृष्टी अतिनीलपासून लालपर्यंत पसरलेली आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशात काही भुंगे लाल रंगाकडे ओढले जातात. तिथल्या लाल, वाटीच्या आकाराच्या फुलांचे परागीभवन त्यांच्याकडूनच होते. विशेष म्हणजे तिथली खसखशीची फुले युरोपातल्यासारखी (प्रश्न १०) अतिनील परावर्तित करत नाहीत. एकाच फुलाचा रंग गिऱ्हाइकाप्रमाणे बदलला आहे.

१२. 'मधमाशीला दिसणारं फूल' किंवा 'कुत्र्याला दिसणारी खोली' अशी चित्रं कितपत खरी असतात?

कुत्र्याची चित्रे बऱ्यापैकी उपयोगी असतात. त्यांत आपल्याला दिसणाऱ्या माहितीतून काही वजा केलेले असते, आणि काय वजा करायचे हे माहीत आहे. फक्त त्यांवरून त्याची नजर 'निकृष्ट' आहे असा निष्कर्ष काढू नये. मंद उजेडातली हालचाल तो आपल्यापेक्षा चांगली टिपतो, आणि ते चित्रात उतरत नाही.

मधमाशीच्या चित्रांचे तसे नाही. अतिनील प्रकाशाचा फोटो काढता येतो, पण आपल्याला दाखवण्यासाठी त्यावर आपल्याला दिसणारा एखादा रंग चढवावाच लागतो. पाकळीवरची नक्षी खरी असते, तिचा रंग मानलेला असतो. त्याच कारणाने आपले टीव्ही आणि मोबाइलचे पडदे पक्ष्यांना बेरंगी किंवा चुकीचे दिसत असणार. ते माणसाच्या तीन प्रकारच्या पेशींसाठी बनवलेले आहेत आणि त्यांतून अतिनील प्रकाश मिळतच नाही.

१३. पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात का? आणि गुंजन पक्ष्यांना (हमिंगबर्डना) लालच आवडतो ना?

पहिल्याचे उत्तर हो. बहुतेक पक्ष्यांत शंक्वाकार पेशींचे चार प्रकार असतात आणि प्रत्येक पेशीच्या तोंडाशी तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो. त्यांतले बरेच थेंब रंगीत असतात. तो थेंब गाळणीचे काम करतो आणि छटा अधिक काटेकोरपणे वेगळ्या होतात. युरोपातल्या ब्लू टिट पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखे दिसतात. १९९८ साली असे दिसून आले की त्यांच्या डोक्यावरचा पिसारा अतिनील प्रकाशात वेगवेगळा चमकतो. त्यांना एकमेकांतला जो फरक उघड दिसतो, तो आपल्याला दिसतच नाही.

गुंजन पक्ष्यांना लाल रंगाची उपजत ओढ असते, ही समजूत मात्र टिकत नाही. ज्या रंगाच्या फुलातून मध मिळतो तो रंग ते भराभर शिकतात, आणि मध पांढऱ्या फुलात मिळू लागला की पांढऱ्याकडे वळतात. लाल फुले मधमाश्यांच्या नजरेत कमी भरतात (प्रश्न १०), म्हणून त्यांत पक्ष्यांसाठी मध शिल्लक राहण्याची शक्यता जास्त असते. त्यांची रंगदृष्टी लालपुरती मर्यादित नाही, हे कोलोरॅडोत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. जंगली गुंजन पक्षी नुसता हिरवा आणि अतिनील मिसळलेला हिरवा हे वेगळे ओळखत होते. माणसाला ते दोन्ही दिवे एकसारखे दिसतात.

१४. ससाण्याला उंदरांच्या मूत्राची अतिनील वाट दिसते, हे वाचलं होतं. खरं आहे का?

१९९५ साली फिनलंडमधील संशोधकांनी केस्ट्रल या लहान ससाण्यावर प्रयोग करून हे मांडले आणि तेव्हापासून ते सगळीकडे सांगितले जाते. पुढच्या अभ्यासांत मात्र ते डळमळले. त्या मूत्राची अतिनील चमक पार्श्वभूमीपेक्षा फारशी वेगळी नसते. शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यात अतिनील प्रकाशाचा मोठा भाग दृष्टिपटलापर्यंत पोचतही नाही. 'पक्ष्यांना अतिनील दिसतो' हे वाक्य सगळ्या पक्ष्यांना सरसकट लावू नये. लहान गाणाऱ्या पक्ष्यांपैकी अनेकांना तो चांगला दिसतो, गरुड-ससाण्यांना बराच कमी. म्हणून ही कथा आता पुस्तकांतून काढायला हवी, असे माझे मत आहे.

१५. मँटिस श्रिम्पला जगातले सर्वांत जास्त रंग दिसतात ना?

या समुद्री प्राण्याच्या डोळ्यात फक्त रंगांसाठी १२ प्रकारच्या पेशी आहेत. त्यावरून लोकांनी गणित मांडले की आपल्याला तीन प्रकारांत एवढे रंग दिसतात, तर त्याला बारा प्रकारांत किती दिसत असतील! २०१४ साली त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली गेली. अन्नाच्या बदल्यात एक रंग निवडायला शिकवून त्याच्यापुढे जवळजवळचे रंग ठेवले. तरंगलांबीतला फरक २५ नॅनोमीटरच्या खाली आला की त्याची निवड चुकू लागली. माणूस अनुकूल भागात काही मोजक्या नॅनोमीटरचा फरक ओळखतो.

तो बहुधा आपल्यासारखी बारीक तुलना करतच नाही (प्रश्न २). कोणत्या पेशी उत्तेजित झाल्या याचा नमुना थेट वाचून तो झटपट निर्णय घेत असावा. वेगाने शिकार करणाऱ्या प्राण्याला अचूकतेपेक्षा ते सोयीचे आहे. पण प्रकाशाचे वर्तुळाकार ध्रुवीकरण (प्रकाशलहरींचे गोल फिरत पुढे जाणे) ओळखण्याची त्याची क्षमता मात्र खरोखरच दुर्मीळ आहे.

१६. शॅमेलिऑन सरडा ज्या रंगावर बसतो तो रंग घेतो ना?

नाही. त्याचा नेहमीचा रंग परिसरात मिसळणारा असतोच, पण झटकन होणारे ठळक बदल मुख्यतः दुसऱ्या सरड्यांना उद्देशून असतात. प्रतिस्पर्धी समोर आला, मादी दिसली किंवा माघार घ्यायची असली की रंग बदलतो. शरीराचे तापमान राखण्यासाठीही तो बदलतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी याची यंत्रणा उलगडली. त्वचेतील पेशींत ग्वानीन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. सरडा शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. त्वचेतल्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो हिरवा दिसतो. सरडा उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि रंग पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो. रंगीत कापडावर ठेवून त्याचा 'खेळ' पाहणारे लोक पुष्कळदा घाबरलेल्या प्राण्याचा रंग पाहत असतात.

१७. ऑक्टोपस आणि कटलफिश परिसराचा रंग घेतात, म्हणजे त्यांना रंग दिसत असणार ना?

तर्क बरोबर वाटतो, पण निघते उलटेच. बहुतेक ऑक्टोपस आणि कटलफिशच्या डोळ्यात एकाच प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. २००६ साली कटलफिशला निळ्या-पिवळ्या चौकटींच्या पटावर ठेवले. दोन्ही रंग त्याच्या नजरेला सारखेच उजळ असतील असे निवडले होते. त्याला चौकटी कळल्याच नाहीत आणि त्याने अंगावर तशी नक्षी आणली नाही.

मग त्यांचा रंग जुळतो कसा? त्यांच्या त्वचेत पिवळ्या-तांबड्या-तपकिरी रंगपिशव्यांखाली प्रकाश परावर्तित करणारे थर असतात. ते आसपासचाच प्रकाश परत फेकतात, त्यामुळे भोवतालचा रंग आयताच अंगावर येतो. बाकी काम उजळपणा आणि पोत जुळवून होते. डोळ्याच्या विचित्र आकाराच्या बाहुलीमुळे वेगवेगळे रंग वेगळ्या अंतरावर केंद्रित होतात आणि त्यावरून रंग कळत असावा, अशी एक कल्पना २०१६ साली मांडली गेली. ती अजून गृहीतकच आहे. अपवाद आहे चमकणाऱ्या जपानी फायरफ्लाय स्क्विडचा. त्याच्या डोळ्यात तीन दृष्टिरंगद्रव्ये आहेत.

१८. सापाला उष्णता दिसते. म्हणजे अवरक्त हा त्याच्यासाठी एक रंग आहे का?

नाही. काही विषारी साप, अजगर आणि बोआ यांच्या तोंडाजवळच्या खळग्यांत उष्णता टिपणारे पडदे असतात. त्यांचा डोळ्यांशी संबंध नाही. तिथले चेतातंतू आपल्या चेहऱ्याला गरम-थंड कळवणाऱ्या चेतातंतूंच्या जातीचे असतात. मेंदूत ही माहिती डोळ्यांच्या माहितीवर येऊन बसते, त्यामुळे भक्ष्याची जागा नेमकी कळते.

१९. डास गडद कपड्यांवर जास्त बसतात का?

बसतात, पण रंगाआधी वास येतो. २०२२ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रयोगांत एडिस इजिप्ती जातीच्या डासांनी कार्बन डायऑक्साइडचा वास नसताना रंगीत ठिपक्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. वास आल्यावर ते लाल, नारिंगी, काळा आणि निळसर हिरवट या रंगांकडे वळले. हिरवा, जांभळा, निळा आणि पांढरा यांच्याकडे वळले नाहीत. माणसाच्या त्वचेतून, ती उजळ असो वा सावळी, लाल-नारिंगी प्रकाश जास्त परावर्तित होतो, हे इथे लक्षात घ्यावे. फिके कपडे घातल्याने मदत होईल, पण श्वास लपवता येत नाही.

२०. मग लाल रंगाने खरंच चिडणारा एखादा प्राणी आहे का?

आहे. युरोपातील रॉबिन पक्ष्याचा नर आपल्या हद्दीत लाल पिसांचा नुसता झुपका ठेवला तरी त्यावर हल्ला करतो. पेंढा भरलेला, पण छाती तांबडी नसलेला लहान रॉबिन मात्र त्याला फारसा खुपत नाही. पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी हे दाखवले. स्टिकलबॅक माशाच्या नराचे पोट विणीच्या हंगामात लाल होते. निको टिनबर्गन यांच्या प्रयोगांत खालची बाजू लाल रंगवलेल्या ओबडधोबड प्रतिकृतीवर नर तुटून पडत. हुबेहूब माशासारख्या, पण लाल नसलेल्या प्रतिकृतीकडे मात्र ते फारसे लक्ष देत नसत. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांचे निकाल इतके एकसारखे आले नाहीत. तरीही या प्राण्यांत लाल रंगाला अर्थ आहे, कारण तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर असतो. बैलाच्या (प्रश्न ३) प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर तो कधीच नव्हता.

२१. एका जातीच्या सगळ्या प्राण्यांना सारखेच रंग दिसतात का?

नेहमी नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक माकडांत लाल-हिरव्यासाठीचे जनुक एक्स गुणसूत्रावर एकाच जागी असते. नराकडे एकच एक्स असल्याने त्याच्याकडे एकूण दोन प्रकारच्या शंक्वाकार पेशी असतात. मादीकडे दोन एक्स असतात. त्यांवर जनुकाची वेगवेगळी रूपे आली तर तिला तीन प्रकार मिळतात. एकाच टोळीत, एकाच झाडावर, पिकलेले फळ कोणाला वेगळे दिसते तर कोणाला नाही. यात नराचा तोटाच होतो असे नाही. पानांत दडलेले कीटक शोधताना दोन प्रकारवाली माकडे वरचढ ठरू शकतात, कारण रंगांच्या गर्दीत त्यांची नजर अडकत नाही. हाऊलर माकडांत मात्र नर-मादी दोघांकडेही तीन प्रकार असतात.

२००९ साली दोन प्रौढ नर स्क्विरल माकडांच्या दृष्टिपटलात नसलेले जनुक विषाणूच्या साहाय्याने सोडले गेले. काही महिन्यांनी डाल्टन आणि सॅम ही माकडे लाल-हिरव्याच्या चाचण्या पार करू लागली. वाढ पूर्ण झालेल्या मेंदूलाही नव्या पेशींची तुलना करणे जमले.

२२. माझ्या कुत्र्याला एखादा रंग ओळखता येतो का, हे घरी तपासता येईल का?

येईल, पण दोन रंगीत वाट्या ठेवून तो कोणत्या वाटीकडे जातो एवढे पाहणे पुरेसे नाही. फॉन फ्रिश यांची युक्ती (प्रश्न १०) वापरावी. समजा, निळा तपासायचा आहे. निळ्या कार्डामागे खाऊ मिळतो हे आधी शिकवा. मग ते फिक्या ते गडद अशा अनेक राखाडी कार्डांबरोबर ठेवा आणि प्रत्येक वेळी कार्डांच्या जागा बदला. वास समान राहावा म्हणून सगळ्या कार्डांमागे तसाच, पण झाकलेला खाऊ ठेवा. निवड करून झाल्यावरच योग्य कार्डामागचा खाऊ द्या. कार्डे मांडणाऱ्याने कुत्र्याच्या नजरेआड जावे, कारण आपल्या मानेचा किंवा नजरेचा कल तो सहज वाचतो. बरोबर उत्तरे योगायोगाने यावीत त्यापेक्षा पुष्कळ जास्त येईपर्यंत निष्कर्ष काढू नका. तो सतत सर्वांत गडद कार्डाकडेच जाऊ लागला, तर तो निळा शिकलेला नाही, गडदपणा शिकला आहे. अशा वेळी निळ्याची फिकी आणि गडद अशी दोन्ही कार्डे आलटून पालटून वापरत शिकवणी पुन्हा पहिल्यापासून घ्या.